विझल्या काडीचा वास

संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला मी काडी ओढली आणि सवयीने ह्यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते.

ह्यांनी उभा जन्म विमानं चालवली. एकदा समुद्रावरच्या ढगातून जाताना ह्यांना विझलेल्या काडीसारखा वास आला आणि ह्यांनी विमान आल्या वाटेने मागे वळवलं. पुढे ज्वालामुखीची राख पसरली होती. "रडारवर पाऊस दिसतो, राख दिसत नाही. तिथे नाकच कामाला येतं," असं हे सांगायचे. तेव्हापासून घरात कुणी काडी ओढली की ह्यांची मान झटकन वर व्हायची.

"अहो, दिवा लावतेय," मी हसून म्हणायचे.

गेल्या वर्षापासून ह्यांना माणसांची नावं आठवत नाहीत. माणसाच्या आत काय साचत चाललंय, ते तरी कुठे दिसतं? समोर सगळं निरभ्र वाटतं, आपण पुढे जात राहतो, आणि कळतं तेव्हा मागे वळायला वाट उरलेली नसते.

वात पेटली. काडीचा धूर ह्यांच्या चेहऱ्यापर्यंत गेला. मान वर झाली नाही.

"अहो, दिवा लावतेय," मी तरीही म्हटलं.

मग दिवा नीट तेवत असताना मी आणखी एक काडी ओढली.