मुखेडला खाल्लेली लाथ

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या गणिताच्या सरांनी अंगावर चहा सांडून घेतला आणि वर दोष मलाच दिला. एवढा शिकलेला माणूस एवढा येडा कसा होतो, हे ऐकायचंय ना? मग ऐका.

मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवतो. वय बावन्न. कंबरेचं वय मात्र विचारू नका. तीन वर्षं झाली, दुखतेच आहे. खडू खाली पडला तर मी तो उचलत नाही, सरळ दुसरा घेतो.

गेल्या दिवाळीत दुखणं इतकं वाढलं की डॉक्टरांनी एक जोरदार गोळी लिहून दिली. देतानाच बजावलं, “सर, ही अफूच्या जातीतली आहे. थोडे दिवसच घ्यायची. सवय लागते.”

थोडे दिवस! संक्रांत गेली, शिवरात्र गेली, गोळी चालूच. दर वेळी रडवेलं तोंड करून मी आणखी थोड्या दिवसांची चिठ्ठी मिळवायचो. गोळी घेतली की कंबर गप्प बसायची, पण तिच्याबरोबर डोकंही गप्प बसायचं. एकदा नववीला गुरुत्वाकर्षण शिकवता शिकवता मी फळ्याला कपाळ टेकवून झोपलो. उभ्या उभ्या! वर्गाला वाटलं, सर विचार करताहेत. शेवटी एका मुलीनं हळूच सांगितलं, “सर, तास संपला.”

त्या दिवशी मी घाबरलो. अगदी पोटातून घाबरलो. आमच्या घराण्यात कुणी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, आणि मी घरातून निघताना चष्म्याच्या आधी खिशातली गोळी चाचपायला लागलो होतो. महानंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, यातलं काही माहीत नव्हतं. तिला मी सांगितलं होतं, कॅल्शियम आहे.

मग एका सोमवारी अंगात वारं शिरलं. ठरवलं, आजपासून गोळी बंद! मंगळवारी दुपारपर्यंत घामानं सदरा भिजला, हात थरथरायला लागले, पोटात कालवाकालव. तसाच रिक्षा करून डॉक्टरांकडं गेलो. ते भडकले.

“एकदम सोडायला कुणी सांगितलं होतं? ही हळूहळू उतरवायची असते. मी सांगतो तशीच. आणि फिजिओथेरपीच्या मॅडमनी दिलेला व्यायाम करता ना?”

“करतो की!”

करत नव्हतो. अहो, व्यायाम तरी काय? चटईवर पडायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, कंबर उचलायची, खाली ठेवायची. रोज वीस मिनिटं. एवढ्यानं माझं एवढं मोठं दुखणं हलेल? मॅडमनी दिलेला तो कागद मी कपाटात साड्यांच्या खाली गाडून टाकला होता.

माझी ही अवस्था आमच्या शाळेच्या शिपायानं, रज्जाकमामूनं, बरोबर ओळखली. म्हणाला, “सर, गोळ्याफिळ्या राहू द्या. पायाळूची लाथ खावा.”

पायाळू म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेला माणूस. त्यानं कंबरेत लाथ घातली की उसण पळून जाते, असं आपल्याकडं म्हणतात. मला हे नीट माहीत होतं. का माहीत नसणार? दरवर्षी विज्ञान दिनाला ‘अंधश्रद्धा आणि आपण’ हे भाषण मीच करतो, आणि त्यात चौथ्या मिनिटाला पायाळूच येतो!

“मामू, हे थोतांड आहे.”

“हाव सर, थोतांडच हाय. मुखेडला ऱ्हातेत. बाजाराच्या दिवशी सकाळी बसतेत.”

बाजाराच्या दिवशी मी मुखेडच्या एसटीत होतो. घरी सांगितलं, नांदेडला प्रशिक्षण आहे. कुणी ओळखीचं भेटलं तर? लाथ नको तिथं बसली तर? डॉक्टरांनी सकाळची गोळी निम्मी केली होती, आणि दुपारची खिशात आहे ना, हे अहमदपूर येईपर्यंत मी सात वेळा चाचपलं.

पायाळू म्हणजे व्यंकटमामा. निवृत्त एसटी ड्रायव्हर. दारात कडुलिंब, त्याखाली कडब्याच्या पेंड्या आणि समोर कंबर धरून बसलेली रांग. पैसा घेत नाहीत. मला जरा धीर आला. तीस वर्षं ब्रेकवर ठेवलेला पाय, म्हणजे लाथ नेमकी बसणार!

माझ्यापुढं दोनच माणसं उरली होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

“सर! बिराजदार सर! तुमी हितं?”

बालाजी. माझा जुना विद्यार्थी. मुखेडात बी-बियाणांचं दुकान टाकलंय म्हणे. रस्त्यातच वाकून पाया पडला.

“पाहणीला आलो होतो,” मी म्हणालो.

“कसली पाहणी, सर?”

आता काहीही म्हणता आलं असतं की नाही? शेताची म्हणा, जागेची म्हणा. पण माझ्या तोंडून निघालं, “अंधश्रद्धेची.”

बालाजीचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तो रांगेपुढं जाऊन उभाच राहिला. “मंडळी, जरा थांबा! हे आमचे सर. पायाळूवर लई भारी बोलतेत. सर, ते चौथ्या मिनिटाचं सांगा की!” आणि खिशातून मोबाईल काढून शूटिंग सुरू!

काय करणार? एक हात कंबरेवर, एक हात हवेत, आणि मी भाषण ठोकलं. भीतीनं माणूस काय बोलतो बघा, इतकं रंगलेलं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं. “बाळ आईच्या पोटात कसं वळलं होतं, याचा तुमच्या कंबरेशी काय संबंध? दवाखान्यात जा! व्यायाम करा!” लोक माना डोलवायला लागले. दोन बाया उठून गेल्या. मग एक म्हातारा गेला. बघता बघता रांग संपली. माझा नंबर आला होता, आणि मीच दुकान बंद पाडलं होतं.

व्यंकटमामा मात्र शांत. “झालं का मास्तर? उन्हाचं बोललात. पानी पिऊन जावा.”

भल्या माणसानं तांब्या आणून समोर ठेवला. खाली, जमिनीवर. मी वाकलो, आणि कंबरेत कट्‌ करून आवाज झाला.

संपलं! वर जाता येईना, खाली बसता येईना. तोंड तांब्याकडं, पाठ आभाळाकडं. “आई गं!”

“बघा मंडळी,” बालाजी ओरडला, “सर प्रात्यक्षिक करून राहिले!” रस्त्यावर जमलेल्या बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी दातओठ खात म्हणालो, “मामा... मारा.”

“काय मारू?”

“लाथ हो, लाथ!”

“आत्ता तर म्हनलात, उपेग न्हाई म्हनून.”

“मारा म्हणतो ना!”

मामांनी चप्पल बाजूला काढली, देवाचं नाव घेतलं आणि मारली. मी तांब्यावरून सरळ कडब्याच्या पेंडीत, नाकावर! उठता येईना म्हणून तसाच पडून राहिलो. कानावर बालाजीचा आवाज आला, “आन् हे बघा, कायबी फरक पडला न्हाई! याला म्हनतेत विज्ञान!”

खरंच फरक पडला नव्हता हो. दोघांनी उचलून मला एसटीत ठेवलं.

संध्याकाळी लातूरला घरी आलो तर महानंदा दारातच उभी. हातात मोबाईल.

“झालं प्रशिक्षण?”

व्हिडिओ माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर माझ्याआधी पोचला होता. वर लिहिलेलं, ‘आमच्या सरांचं प्रबोधन, प्रात्यक्षिकासह.’

मग मात्र माझा बांध फुटला. गोळी, अफू, फळ्यावरची झोप, मंगळवारचा घाम, सगळं ओकलो. “मला लई भ्याव वाटतंय गं. जन्मभर ही गोळी सुटली नाही तर? उद्या शाळेत कळलं तर?” बावन्न वर्षांचा माणूस, पण रडलो. खोटं कशाला सांगू?

मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. तिनं आधी पाण्याचा गिलास हातात दिला. मग म्हणाली, “एवढ्यासाठी मुखेडला कामून गेलात? मी पायाळू हाय की.”

“तू?”

“आईनं सांगितलं होतं, सासरी बोलू नको. समदं सासर कंबर धरून दारात उभारलं असतं. पायाळूवर वीज पडती म्हणतेत, म्हणून लहानपणी आई मला पावसात अंगणात जाऊ देत नव्हती.”

सत्तावीस वर्षं संसार केला, आणि औषध घरात!

“पर उगं लाथ लागू पडत न्हाई,” ती म्हणाली. “आधी अंग मोकळं करावं लागतंय. रोज वीस मिनिटं. आन् गोळी डॉक्टर म्हणतील तशीच उतरवायची, त्यात तुमची मास्तरकी न्हाई.” असं म्हणून तिनं कपाटातल्या साड्या उचलल्या आणि मॅडमचा तो कागद काढून माझ्यापुढं धरला. “ह्यात दिलंय तसं.”

विज्ञानाच्या मास्तराला इथं शंका यायला पाहिजे होती की नाही? नाही आली!

दुसऱ्या दिवसापासून सकाळी चटई. गुडघे छातीशी, कंबर वर, कंबर खाली. ती शेजारी चहा पीत बसायची. वीस मिनिटं झाली की मी पालथा पडायचो आणि ती डाव्या पायानं एक हलकी लाथ द्यायची. संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारापर्यंत चालणं. डॉक्टर गोळी कमी करत गेले. कमी करायच्या आदल्या दिवशी दर वेळी मी महानंदाला विचारायचो, “उद्या जमेल ना?”, आणि दर वेळी दिवस निभावून जायचा. पाऊसकाळ लागेपर्यंत गोळी पूर्ण सुटली. दुखणं पार गेलं म्हणाल, तर नाही. आहे. पण वर्गात मी आता जागा असतो.

“शाब्बास सर,” डॉक्टर म्हणाले, “कशानं जमलं?”

“व्यायामानं,” मी म्हणालो. लाथेचं कोण सांगतंय?

मग किल्लारीहून सासूबाई आल्या. मी भारावून गेलो होतो. पाया पडून म्हणालो, “आई, तुमच्या पायाळू लेकीनं मला वाचवलं.”

“पायाळू? कोन, महानंदा? न्हाई ओ जावईबापू. ती डोक्याकडूनच झाली. आन् तवापासून डोकंच चालवून राहिली.”

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. “मग इतके महिने लाथ कशाला मारत होतीस?”

ती भाकरी थापत होती. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. “लाथ मारायला पायाळूच लागतंय व्हय?”

आता विज्ञान माझ्या बाजूला होतं. सगळं काम व्यायामाचं, चालण्याचं. लाथेचा काडीचा संबंध नाही, हे मला मुलांना फळ्यावर मांडून दाखवता येईल. पण महानंदा आईबरोबर आठ दिवस किल्लारीला गेली. पहिल्या सकाळी वीस मिनिटं व्यायाम केला, पालथा पडलो आणि वाट बघत राहिलो. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या दिवशी जीव घाबराघुबरा, कंबर भरल्यासारखी. शेवटी डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, सवय लागलेली गोष्ट एकदम बंद झाली तर काय करायचं हो?”

तिकडून काळजीचा आवाज आला, “सर, परत गोळी सुरू केली होती का?”

“गोळी नाही,” मी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणालो, “लाथ.”