जावयाच्या मांडीवरचं लेकरू

तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर, कोणाच्या तरी मांडीवर, लेकरू बसतं का?

तिरोड्याच्या स्टँडवर भाड्याची गाडी चालवणारे एक काका होते. चावी फिरवण्याआधी ते अख्खे मागे वळत, लेकराचा पट्टा अंगठ्याने ओढून बघत आणि म्हणत, "लेकरू मागं, मंगच चाबी." नागपूरच्या कोणा डॉक्टरांच्या घरून त्यांनी लहान मुलांची जुनी सीट आणून मधल्या रांगेत घट्ट बांधली होती. बाकीचे ड्रायव्हर तिला सिंहासन म्हणत. "काका, मुकुट कुठी ठेवला?"

"डोस्कं शाबूत राहिलं त मुकुट घालता येते," काका म्हणत.

आमच्याकडे पुढची सीट जावयाच्या मानाची. त्याच्या मांडीवर बाळ, मागे आम्ही सगळे. दीड वर्षाच्या भाचीचं जावळ काढायला काकांच्या गाडीने देवीला निघालो, तेव्हाही तसंच. ते पाहून काकांनी चावी खिशात टाकली. दाजी तडकले. "मले शिकवून राहिले का? पोरगी माही आहे."

"तुमचीच आहे जी. म्हनून त सांगून राहिलो."

बाबांनी जावयाचा मान राखला आणि दुसरी गाडी ठरवली. मी चौकाचौकात पत्रकं वाटणारा, हक्कांसाठी भांडणारा. त्या दिवशी मी काकांनाच म्हणालो, "जाऊ द्या ना काका, वीसच किलोमीटर त जायचं आहे."

दुसऱ्या गाडीतही भाची पुढे दाजींच्या मांडीवरच होती. जंगलाच्या रस्त्यावर चितळ आडवं आलं. करकचून ब्रेक लागला. गाडीवर ओरखडा नाही, दाजींना खरचटलंही नाही. भाचीचा चेहरा डॅशबोर्डवर आदळला.

ती वाचली. आता पाच वर्षांची आहे. डाव्या डोळ्याने तिला दिसत नाही.

दवाखान्यात काका आले, तेव्हा मी मान खाली घातली. 'सांगितलं होतं' हे शब्द ते उच्चारतील असं वाटलं. ते दाजींच्या शेजारी जाऊन बसले. तिला घरी न्यायला त्यांनीच गाडी आणली. दाजींनी तिला त्या सीटमध्ये बसवलं, पण पट्टा लागेना. काका मागे वळून थांबले. पट्टा लागेपर्यंत चावी खिशातच होती.

गेल्या वर्षी काका गेले, गाडीही विकली गेली. स्टँडवर गाड्या रोज भरून निघतात. मागे वळून बघणारं कोणी दिसत नाही.

म्हणून हे मागणं तुमच्याकडे. आज चावी फिरवण्याआधी मागे वळा. लेकरू पुढे मांडीवर असेल, तर गाडी हलवू नका. त्याला मागे त्याच्या सीटवर बसवा, पट्टा अंगठ्याने ओढून बघा. जावई रागावला, तर रागावू द्या.