साहेबांनी सोडलेली नाताळची रजा

आखातातल्या सित्र्याच्या कारखान्यात आमचे शिफ्ट इन्चार्ज इंग्रज होते. चहाचा मग हातात आला की ते लहानपणच्या गावात शिरायचे. लंडन पसरत पसरत त्या गावापर्यंत आलं होतं. "बदकांचं तळं? खलास! आता तिथे गाड्या लावतात. लोहाराचं दुकान? खलास!" 'खलास' एवढंच अरबी त्यांना येत असे, आणि ते हसत हसत वापरायचे.

एका डिसेंबरात गावाहून कळलं, रस्त्याच्या रुंदीकरणात आमची शाळा पाडणार. आम्हा दोघांपैकी एकाला कामावर थांबणं भागच होतं, आणि नाताळची रजा त्यांची ठरलेली. मी नुसतं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "मग तू जा. माझं तळं बुजवलं तेव्हा मी इथेच ड्यूटीवर होतो."

मी पोचलो तेव्हा कौलं उतरवली होती, चिऱ्याच्या भिंती उभ्या होत्या. कधी शाळेत न गेलेले बाबा सोबत आले आणि एका खिडकीशी थांबले.

"इथनं तुला लिहिताना बघत उभा राहायचो मी," ते म्हणाले. "गुरुजी हाकलायचे रे!"

ती खिडकी आधीच पडली असती, तर बाबा हे कधीच बोलले नसते.