तळ्यात सोडलेली चिलापी

मंडळी, आज सकाळी शेजारचा महेश चिलापी माशाच्या पिल्लांची बादली घेऊन गावतळ्याकडे निघाला होता. डास खातात म्हणे. मी त्याला वाटेतच अडवलं.

साठच्या दशकात श्रीवर्धनजवळच्या माझ्या माहेरी ही परदेशी चिलापी कुणीतरी तळ्यात आणून सोडली होती. आधी सगळे खूश होते, कारण जाळं रिकामं येत नव्हतं. मग पिल्लांवर पिल्लं होऊन मासा बोटाएवढाच राहू लागला, आणि तळ्यातली आमची मूळची मरळ मासळी दिसेनाशी झाली.

एका उन्हाळ्यात थोरले काका चिलापी संपवायची म्हणून तळं रिकामं करायला कुदळ घेऊन बांधावर चढले. माझी आई त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी ती कुदळीपुढे जाऊन उभी राहिली.

"भावजी, बांध फोडलात तर ही ओढ्यात जाईल. मंग खालच्या गावांनी काय करायचं?"

"बाजूला हो."

"न्हाय व्हनार."

आम्ही पोरं बघत होतो. शेवटी काकांनी कुदळ खाली ठेवली.

पण त्याच पावसाळ्यात तळं बांधावरून वाहिलं. गणपतीनंतर ओढ्यात जाळं टाकलं, तर चिलापीच आली.

आज महेशने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काकी, आता ही पिल्लं टाकू कुठे?"

बादली आमच्या ओट्यावर आहे. तुम्ही काय केलं असतं?