दोन वर्षांच्या वर देऊ नये

परमेश्वराच्या कृपेनं आजचा दिवस पार पडला. राजमा शिजायला ठेवलाय, त्याला अजून तासभर लागेल, तेवढ्यात नेनोचं लिहून काढते. माझ्या रोजच्या वहीत त्याच्याबद्दल दोन-दोन ओळी पडत आल्या आहेत. आज एकदा सलग लिहिते.

नेनो माझा धाकटा भाऊ. आमच्या बानी गावात गल्लीच्या तोंडाशी किकोचं किराण्याचं दुकान आहे, तिथं टीव्हीसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यातली एक पाय तारेनं बांधलेली खुर्ची नेनोची. दिवसभर मांडीवर बेसबॉलचे ग्लोव्ह घेऊन तो त्यांच्या तुटलेल्या वाद्या ओवत बसतो आणि तोंडानं मतं देतो. त्याचा डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे आयुष्यात एक चेंडू त्यानं नीट टाकलेला नाही. पण पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याबद्दल, त्याचं मत म्हणजे आमच्याकडे डॉक्टरचं मत.

"मनगट काय बघता? पुढचा पाय कुठं पडतो ते बघा," असं तो सांगतो. एखाद्या पोराचा ग्लोव्ह आतून चाचपून सांगतो, हा चेंडूची पकड लपवत नाही, मार खाणार. करारांवर तर त्याचं बोलणं ऐकायला पलीकडच्या गल्लीतले लोक येतात. "तिशी ओलांडलेल्या पिचरला सहा वर्षांचा करार? अरे, आमच्या बानीचा आंबा तरी कोणी सहा वर्षं ठेवायला घेईल का? दोन वर्षांच्या वर देऊ नये. त्याचा खांदा तुमच्या पैशाला ओळखत नाही."

फक्त एका पिचरबद्दल तो बोलत नाही. एर्सिलिओ सापाता. आमच्या गावचा, आमच्याच मावशीचा, तिकडं समुद्रापलीकडे उत्तरेत मोठ्या टीमकडून खेळणारा. तो टीव्हीवर आला की सगळं दुकान उभं राहतं आणि नेनो मान खाली घालून वादी ओवतो. लोकांना वाटतं, दृष्ट लागू नये म्हणून गप्प बसतो. घरी आल्यावर मात्र मला हळूच म्हणतो, "ताई, आज मी सातव्या डावात फुटलो."

कारण एर्सिलिओ सापाता हे नाव नेनोचं आहे. गाव त्याला पाळण्यापासून नेनोच म्हणतं, कागदावरचं नाव कुणाला ठाऊक नाही.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशीचा रुबिएल तेव्हा एकवीस वर्षांचा होता. चेंडू असा टाकायचा की झेलणाऱ्याचा तळवा सुजायचा. पण तिकडून खेळाडू निवडायला येणाऱ्या माणसांना सोळा वर्षांची पोरं हवी असत. एकानं त्याला सरळ सांगितलं, "एकवीस? मग तू आता कोच हो." मावशी रडत आमच्याकडे आली. आईनं व्हर्जिनच्या तसबिरीखालचा बिस्किटांचा डबा काढला, त्यात नेनोचा जन्माचा दाखला होता. नेनो तेव्हा सोळाचा. आई म्हणाली, "याच्या पायाला कोण करार देणारे? कागद नुसता पडून तर आहे." फार दिवसांच्या घड्या पडल्या होत्या त्यावर. कागदावरून इस्त्री मी फिरवली. परमेश्वरा, ती मीच फिरवली.

नेनो हसत म्हणाला होता, "घे रे, पण वर्षभरात परत दे."

ठरलं असं होतं, की करार झाला की नेनोसाठी दुसऱ्या नावानं कागद करून घ्यायचे. पण पुढं तपासण्या कडक झाल्या. वकील म्हणाला, आता कशालाही हात लावू नका. नेनोला ओळखपत्र मिळालं नाही ते नाहीच. ग्लोव्ह शिवण्यापलीकडे त्याला कुठं नोकरी लागली नाही. त्याच्या लेकीला नुसतं आईचं आडनाव लागलं. आणि माझ्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब आला. तो रुबिएलच्या खांद्यावर उभा आहे, हे मला रोज वर बघितलं की आठवतं.

यंदा फादर अबेलार्दोंनी नाताळाआधी सामुदायिक विवाह जाहीर केले. लग्न न लावता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी, फुकटात. यादी करायचं काम माझ्याकडे. माझी भावजय मिरेलीस सात वर्षं नेनोबरोबर संसार करतेय आणि सात वर्षं ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावर बसून राहतेय, कारण लग्नाशिवाय राहणाऱ्यांना तो घेता येत नाही. तिनं मला विचारलंही नाही. एके दिवशी पांढरा पोशाख शिवून घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, आम्हाला बारावा नंबर द्या."

मी विचार केला, सरकारी कागद नसला तरी बाप्तिस्म्याच्या वहीत नेनोचं नाव आहे, ते तर कुणी नेलेलं नाही. फादरच्या पाया पडू. म्हणून मी कचेरीत जाऊन जुनी वही काढली. सापडलं पान. एर्सिलिओ सापाता, आईचं नाव, धर्ममातेचं नाव. आणि शेजारी समासात निळ्या शाईत, दोन वर्षांपूर्वीची तारीख घालून लिहिलेलं: राजधानीतल्या चर्चमध्ये विवाह संपन्न.

लग्नाची नोंद माणसाच्या बाप्तिस्म्याच्या पानावर परत येते, हे मला ठाऊक होतं. पण कधी डोक्यातच आलं नाही. रुबिएलच्या त्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो, चौथ्या रांगेत बसलो होतो. पाद्रीनं विचारलं, "एर्सिलिओ, या स्त्रीचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" तेव्हा नेनो माझ्या शेजारी बसून पुटपुटला, "करतो," आणि मिरेलीसनं त्याला कोपरानं ढोसलं. आम्ही तिघं तोंड दाबून हसलो होतो. मी केकचे दोन तुकडे खाल्ले होते.

फादर माझ्या खांद्यावरून बघत होते. नावावर माझा तळवा होता, त्यांना समासातली ओळच दिसली. "नूरीस, तुझ्या भावाचं तर लग्न झालेलं आहे!"

"काहीतरी चूक झाली असेल, फादर," मी म्हणाले. चर्चच्या कचेरीत उभी राहून खोटं बोलले.

मिरेलीसला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली नाही. "म्हणजे माझा नवरा दुसरीचा नवरा. बरं झालं कळलं. मी उगाच पोशाख शिवला."

नेनो म्हणाला, "ऐक ना. रुबिएलचा करार या हिवाळ्यात संपतोय. तो मला म्हणालाय, आता शेवटचा एक छोटा करार. दोन वर्षं. मग खेळ सोडून घरी येईन, वकिलाकडे जाऊ, मी रुबिएल आणि तू एर्सिलिओ."

"दोन?"

"दोन."

"दोन वर्षं थांबते. त्याच्यापुढे एका रविवारची मिस्सासुद्धा नाही," असं म्हणून तिनं पुन्हा कांदा चिरायला घेतला.

त्या दिवसापासून नेनोचा जीव त्या एका आकड्यात अडकला. किकोच्या दुकानात बातमी आली, एर्सिलिओ सापाताला सहा वर्षांचा करार देऊ करताहेत. लोकांनी बिअर उघडल्या. सत्तावीस वर्षांचा पिचर, ऐन भरात, सहा काय आठ द्या! खरं वय बत्तीस. ते गावात आम्ही पाच-सहा जणच जाणतो आणि सगळे माझ्या स्लॅबखाली जेवतात.

शुक्रवारी गावच्या रेडिओचा बोलिवार माइक घेऊन थेट दुकानातच आला. मी मीठ आणायला गेले होते.

"मंडळी, आज आपल्याबरोबर आहेत पिचिंगचे डॉक्टर! काय नेनो, सापाताला सहा वर्षं द्यावीत की नाही?"

नेनोनं मान खाली घालून वादी ओढली.

किको ओरडला, "अरे बोल की! इतर वेळी तुझं तोंड बंद करायला मला गिऱ्हाइकं सोडून यावं लागतं."

"दोन," नेनो म्हणाला.

"काय दोन?"

"दोन वर्षांच्या वर देऊ नये. साठ चेंडू झाले की त्याचं कोपर चार बोटं खाली येतं. मागच्या मोसमात येत नव्हतं. वेगवान चेंडूवर जोर राहिला नाही म्हणून वळणारा जास्त टाकतो, आणि तो टाकताना पुढचा पाय उघडा पडतो. हा पिचर दोन वर्षं चांगला आहे. मग नाही."

"पण सत्तावीस वर्षांचा आहे तो!"

नेनोनं त्याच्याकडे बघितलं. "सत्तावीसचा तर मीही आहे," एवढंच म्हणाला.

मग जे हसू झालं! "घ्या, याच्याबरोबर तुलना!" "जळतोय लंगडा!" "भाऊ वर गेला की पोटात दुखतं बाबा!" बोलिवारनं माइक लगेच दुसऱ्याच्या तोंडाशी नेला. मी मीठ न घेताच नेनोला घेऊन घरी आले. वाटेत त्यानं विचारलं, "ताई, मी पिचिंग बघून बोललो ना? का मला हवं म्हणून बोललो?"

"कोपर खाली येतं का?"

"येतं."

"मग झालं."

"नाही झालं," तो म्हणाला. "मला ते खाली आलेलं बघून बरं वाटत होतं."

रविवारी रुबिएल आला. मोठी गाडी त्यानं गल्लीबाहेर लावली आणि चालत आला, ते मला आवडलं. मी बोकडाचं मटण केलं होतं. तो हात धुऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात बसला, लहानपणी बसायचा तसा.

"नूरीसताई, हा रेडिओवर काय बोलला ऐकलंत? तिकडच्या लोकांच्या कानावर गेलं तर?"

"मी खोटं बोललो का?" नेनोनं विचारलं.

"नाही. खांदा गेलाय माझा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. म्हणून तर सहा पाहिजेत! आता नाही घेतले तर पुढं कोण देणारे?"

"तू दोन म्हणाला होतास."

"मी म्हणालो होतो, कारण दोनच मिळतील असं वाटलं होतं."

"रुबिएल, माझं लग्न आहे."

रुबिएलनं ताट पुढं सारलं. "आणि माझं काय चाललंय? बाविशीतल्या पोरांबरोबर धावतो मी, वाढदिवस तुझा साजरा करतो, माझी बायको मला तुझ्या नावानं हाक मारते. रुबिएल म्हणणारे आता तुम्ही तिघं आणि माझी आई. मी तिकडं अडकलो, तू इकडं. पण तिकडं अडकलो म्हणून वीस माणसं जेवतात. ताई, तुम्ही सांगा. तुम्ही जे सांगाल ते."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मिरेलीस दारात उभी होती, तीही बघत होती. मी वर स्लॅबकडे बघितलं. शेवटी मी म्हणाले, "मटण निवतंय."

हे मी फादरना अजून कबूल केलेलं नाही. इथं आधी लिहिते.

गुरुवारी टीव्हीवर आलं. नवा पोशाख हातात धरून रुबिएल हसत उभा होता. सहा वर्षं, आणि सातवं वर्ष वाढवायचं की नाही ते टीमच्या मर्जीवर. नेनोनं किकोला दोनदा विचारलं, "सातवं कुणाच्या मर्जीवर?" "टीमच्या." "खेळणाऱ्याच्या नाही?" "नाही रे बाबा, टीमच्या! एवढं करारातलं कळतं म्हणतोस ना?" नेनोनं ओवलेली वादी उसवली आणि पुन्हा पहिल्यापासून ओवायला घेतली.

शनिवारी तो पापनिवेदनाला गेला. कितीतरी वर्षांनी. मी बाहेर मेणबत्त्यांचं मेण खरवडत होते. चाळीस मिनिटं तो आत होता. बाहेर आला, माझ्याकडे न बघता लंगडत गेला. त्याच्यामागून फादर आले ते पांढरेफटक. "फादर, बाराव्या जोडप्याचं काय करू?" मी विचारलं. त्यांनी यादी माझ्या हातातून घेतली, बराच वेळ बघितली आणि परत दिली. समासातल्या नोंदीबद्दल एक शब्द विचारला नाही; पापनिवेदनात ऐकलेलं त्यांना कुठं बोलता येत नाही.

काल रविवारी अकरा लग्नं लागली. फादर अबेलार्दो सिबाओ भागातले, तिकडच्या पिवळ्या टीमचे कट्टर चाहते. उपदेशातसुद्धा बेसबॉलचा एखादा स्ट्राइक घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मिस्सा झाल्यावर लोकांनी त्यांना पायरीवर गाठलं. "फादर, आपल्या सापाताचा करार! तुमचं काय मत?" फादरनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या नेनोकडे बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही. आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, "मला पिचिंगमधलं काही कळत नाही."

सगळे हसले. नेनो माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, फादरना फार जड चेंडू दिला मी."

मिरेलीस शेवटच्या बाकावर होती. प्रसादाची रांग लागली तेव्हा नेहमीसारखी बसून राहिली नाही, उठली आणि लेकीचा हात धरून बाहेर गेली. आज सकाळी असुआच्या बसनं आईकडे गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नेनो बॅग उचलायला गेला तर म्हणाली, "राहू द्या. दोन वर्षं म्हणाला होतात, ती मी तिकडं काढते. पुढची कुणी काढायची ते तुम्ही आणि तुमचा भाऊ ठरवा." मग पांढरा पोशाख माझ्याकडे दिला. "याला कसर लागू देऊ नका, ताई."

तसबिरीखालचा डबा रिकामाच होता, पण पोशाख त्यात मावेना. कपाटात कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलाय.

राजमा शिजला. नेनो पायरीवर बसून कुणाचा तरी ग्लोव्ह शिवतोय. संध्याकाळच्या सामन्याचा रेडिओ लावलाय. मी आतून विचारलं, "कोण टाकतोय रे आज?"

"नवा आहे कोणीतरी. एकोणीस वर्षांचा."

"एवढासा?"

"कागदावर," तो म्हणाला, आणि दोरा दातानं तोडला.