सात नंबरच्या चॅनेलवर मल्लूशेट

आपल्या ई-मेल गटातल्या मंडळींनो, आजवर या हातांनी केलेलं सांगतो: सायकलच्या तारांची अँटेना, दोन बॅटरी चार्जर आणि रामनगरातल्या नव्वद घरांचं केबलचं जाळं. कुणाकडे शिकायला गेलो नाही. आज त्यात कॅमेऱ्याची भर पडली.

किराणावाल्या मल्लूशेटांचा गूळ रोज कमी व्हायचा. संशय नोकरावर, परसूमामावर. त्याला काढायचंच ठरलं होतं. जेवायला घरी गेल्यावर शेटांना टीव्हीवर दुकान दिसावं म्हणून मी ढेपेपासून बरोबर सात फुटांवर कॅमेरा बसवला. वेगळी तार नको म्हणून तो केबलच्या रिकाम्या सात नंबरवर सोडला. सात नंबर नव्वद घरांत दिसतो, हे ध्यानात राहिलं नाही. चूक माझी.

अकरा वाजता शेटांच्या बायको, शांताक्का, तरातरा दुकानात आल्या. शेटांच्या हातात गुळाचा खडा होता.

"डॉक्टरनं गोड बंद केलंय न्हवं? हा तिसरा खडा."

"मी हितं हाय, मग घरी बघणारं कोण, असं वाटलं गं."

"सगळी गल्ली बघतीया."

परसूमामानं शांतपणे विचारलं, "शेट, मी जाऊ का ऱ्हाऊ?"

"ऱ्हा बाबा."

मग शेटांनी मला गोदामात नेलं. "चित्र धुरकट हुतं, माणूस वळखू येत न्हवता, एवढंच गावात सांग."

तुम्ही असतात तर काय केलं असतं? माझ्या कॅमेऱ्यात शेटांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. मी नाही म्हणालो. पाचशे रुपये देत होते.