शेवटच्या कुस्तीआधीचा अहवाल

महानगरात अपर पोलीस आयुक्त असताना मी एक नियम केला होता. मिरवणूक असो, सभा असो की क्रिकेटचा सामना, शेवटचा माणूस घरी गेल्याशिवाय 'बंदोबस्त शांततेत पार पडला' असा अहवाल कुणी पाठवायचा नाही. तोवर असे अहवाल आधीच लिहून ठेवायची पद्धत होती. नियंत्रण कक्षाला सहाला अहवाल हवा, म्हणून दुपारीच मजकूर तयार, फक्त वेळेची जागा मोकळी. या नियमावरून अधिकाऱ्यांनी माझ्या पाठीमागे काय काय नावं ठेवली ते मला ठाऊक आहे. पुढे वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, तेव्हा तेच अधिकारी आपल्यालाही पहिल्यापासून असंच वाटत होतं म्हणून सांगू लागले.

हा नियम का केला, याची गोष्ट मी अनेक प्रशिक्षण वर्गांत सांगितली आहे. खोटी सांगितली आहे.

खरी गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. वडील भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकून, आमचं घर तिथल्याच क्वार्टर्समधलं. घरच्या जिल्ह्यात सहसा नेमणूक देत नाहीत, पण माझ्या वेळी काय गोंधळ झाला कोण जाणे, परिविक्षाधीन उपअधीक्षक म्हणून मला नगर जिल्हाच मिळाला. बाई अधिकारी म्हणजे तेव्हा अप्रूप होतं. गावात जीप थांबली की लोक आधी मला बघत आणि मग साहेब कुठे म्हणून विचारत. हे ऐकून माझं डोकं फिरायचं, आणि माझं डोकं फिरायला तेव्हा फार काही लागत नसे.

त्या दिवशी पारनेर तालुक्यातल्या एका गावी यात्रेचा हगामा होता. आमच्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. गावाबाहेर लाल मातीचा आखाडा, भोवती पाच-सहा हजार माणूस. बंदोबस्ताला सहा पोलीस, सातवी मी. काही बिनसलंच तर फाट्यावर राखीव पथकाची गाडी उभी होती. माझ्या हाताखाली एक हवालदार होते, चाळिशीतले, पोट जरा सुटलेले, आवाज कधी चढवायचे नाहीत. गर्दीसमोर कसं उभं राहायचं, हे मला अकादमीपेक्षा त्यांनी जास्त शिकवलं.

नेमकी त्याच संध्याकाळी भिंगारला मला बघायला पाहुणे येणार होते. होय, कमरेला पिस्तूल लावणाऱ्या मुलीलाही पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यावं लागत होतं. आईनं तीनदा निरोप धाडला होता, सहाच्या आत ये आणि तो खाकी अवतार उतरव.

चार वाजता फक्त शेवटची कुस्ती राहिली. मी हवालदारांना म्हटलं, सहाचा अहवाल आत्ताच लिहा, म्हणजे कुस्ती सुटली की मी इथूनच निघते. ते पेन हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"मॅडम, शेवटची कुस्ती हुईपर्यंत थांबू. हगामा तिथंच बिघडतो."

मी त्यांना म्हटलं, मला शिकवू नका, लिहा. सगळ्यांच्या देखत म्हटलं. त्यांनी लिहिलं. वेळेची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, ती मी माझ्या हातानं तेव्हाच्या वेळेचे आकडे घालून भरली आणि सही केली. जीपमधल्या वायरलेसवरून मजकूर नगरला गेला.

एक गोष्ट मी विसरले, जी वर्षभर नोकरी केलेल्या शिपायालाही कळते. बंदोबस्त संपल्याचा अहवाल पोचला की राखीव गाडी सुटते.

शेवटची कुस्ती गावच्या पैलवानाची आणि दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या पैलवानाची होती. पंचांनी पाहुण्याला विजयी केलं. गाव म्हणालं, आमच्या पैलवानाचे खांदे टेकलेच नव्हते. आधी शिट्ट्या झाल्या, मग ढेकळं आली, मग दोऱ्या तुटल्या आणि माणसं आखाड्यात उतरली. मी जीपकडे धावले, राखीव गाडी ताबडतोब पाठवा म्हणून सांगितलं. पलीकडचा आवाज अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचा बंदोबस्त संपलाय. गाडी बेलापूरला रवाना केली."

बेलापूर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक.

मी परत येईपर्यंत कुणीतरी पाहुण्या पैलवानाच्या हातावर दांडकं घातलं होतं. हवालदार त्याच्यापुढे उभे होते, टोपी पडलेली, कपाळातून रक्त. आम्ही सातजणांनी त्याच्याभोवती कडं केलं. मी खूप घाबरले होते. पिस्तुलाकडे हात गेला, तेव्हा हवालदारांनी माझ्याकडे न बघताच तो मनगटाला धरून खाली केला. मग त्यांनी हरलेल्या गावच्या पैलवानाला नावानं हाक मारली. आत ये, याच्या शेजारी उभा राहा, म्हणाले. तो क्षणभर घुटमळला आणि आला. आपलाच पैलवान आत उभा म्हटल्यावर दगड थांबले. तरी गर्दी हलायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात पुढचा दगड कुठून येतो एवढंच मी बघत होते.

पाहुण्याचा हात कोपरात मोडला होता. तो पुन्हा आखाड्यात उतरला नाही.

चौकशी लागली. शेवटची कुस्ती बाकी असताना शांततेचा अहवाल पाठवला कुणी? मजकूर हवालदारांच्या अक्षरात, सही माझी; वेळेच्या नुसत्या आकड्यांवरून अक्षर ओळखू येत नव्हतं. परिविक्षेत असं काही शाबीत झालं की सरळ घरी पाठवतात. जबाबाच्या आदल्या दिवशी हवालदार माझ्याकडे आले. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मॅडमची सही सकाळीच कोऱ्या कागदावर घेऊन ठेवली होती आणि वेळ आपल्या मनानं घालून अहवाल पाठवला, असं ते सांगणार होते. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा जरा हळू म्हटलं.

"माझ्या दोन पोरी हायत, मॅडम. त्यांना मी बाजारात तुमची जीप दाखवली हाय. तुमीच घरी गेला तर त्यांना काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांचा जबाब वाचून दाखवला आणि मला विचारलं, हे बरोबर आहे? मी हो म्हटलं.

त्यांच्या सेवापुस्तकात शिक्षा चढली, बढती मागे पडत गेली आणि ते हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. सहायक फौजदाराचा एक स्टार खांद्यावर लागला असता, तो राहिला. मी मात्र चढत गेले. बदल्यांच्या गडबडीत भेट झाली नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी भेटायला गेले नाही.

निवृत्तीनंतर मागच्या वर्षी भिंगारकरांनी माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. सूत्रसंचालकांनी त्या प्रसिद्ध नियमाची गोष्ट सांगा म्हणून आग्रह केला आणि मी नेहमीचीच सुरू केली. एका हवालदारानं घाई केली, अहवाल आधीच पाठवला, एका पैलवानाचा हात गेला, तेव्हाच मी ठरवलं वगैरे. लोक मन लावून ऐकत होते. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा बसला होता. कपाळावरच्या खुणेवरून मी त्यांना ओळखलं. माईक अजून माझ्या हातात होता. मी गोष्ट तशीच पुरी केली. त्यांनीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

नंतर गर्दी ओसरल्यावर ते पुढे आले.

"बरोबर सांगितलं, मॅडम. रेकॉर्डला तसंच हाय."

टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी मुलींची चौकशी केली. धाकटीचं लग्न होऊन ती पारनेरलाच आहे. थोरली फौजदार झाली आहे.

"लई कडक हाय. तुमचा नियम पाळती. म्हणती, बापानं केली ती चूक मी करायची न्हाई."

तिला खरं कधी सांगितलं नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, न्हाई, तिला तुमच्यासारखं व्हायचं हुतं. मी तिचा फोन नंबर मागितला. आता कशाला मॅडम, म्हणाले, नमस्कार केला आणि एस.टी. चुकेल म्हणून निघून गेले.

म्हणून हे लिहिते आहे. पोरी, तू हे वाचशील की नाही मला माहीत नाही. त्या दिवशी वेळ मी घातली होती आणि सही माझी होती. तुझे वडील थांबा म्हणत होते.